जिंकलं तरी तीच प्रार्थना, हरलं तरी तीच

कुणी भाकऱ्या थापत असाल, कुणी शेंगा फोडत असाल, कुणी नुकत्याच रानातून आल्या असाल. हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे असू द्या. आज आम्ही तुम्हाला दोन खेळाडू बायकांच्या गोष्टी सांगणार आहोत. त्यांच्या खेळाबद्दल तर बोलूच, पण त्यांच्या श्रद्धेबद्दल जास्त बोलू.

हा विषय कुठून निघाला ते आधी सांगतो. गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली आणि एक ताई एकदम रडायला लागल्या. त्यांची लेक कबड्डी खेळते. जिल्ह्याच्या सामन्यात तिचा संघ अगदी थोडक्यात हरला. शेवटची चढाई तिची होती आणि त्यात ती पकडली गेली. पोर घरी आली तेव्हा ताई तिला बोलून गेल्या, "मी तुझ्यासाठी पाच मंगळवार उपास धरले. देवानं ऐकलं नाही, म्हणजे तुझंच काहीतरी कमी पडलं." त्या दिवसापासून पोर मैदानावर गेली नाही. ताई आम्हाला विचारत होत्या, "मी बोलले ते चुकलं ना? आणि माझ्या उपासाचं काय झालं? तो वाया गेला का?"

त्या वेळी आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही. हा प्रश्न त्या एका ताईंचा थोडाच आहे? पीक गेलं, पोरीला नोकरी लागली नाही, दवाखान्यातून माणूस परत आलं नाही, की आपण हेच विचारतो. एवढं केलं, मग देवानं का ऐकलं नाही?

म्हणून आम्ही ठरवलं की ज्या बायका जगातल्या सगळ्यात मोठ्या मैदानावर खेळल्या, ज्यांची देवावर श्रद्धा आहे आणि ज्या सगळ्या जगाच्या देखत हरल्यासुद्धा, त्यांनी काय केलं ते शोधायचं. शोधताना दोघी सापडल्या. एक फिलिपिन्स देशाची हिडिलिन डियाझ, दुसरी अमेरिकेची सिमोन बाइल्स. दोघी कॅथलिक ख्रिस्ती. आपल्याकडे वसईला, मुंबईला, गोव्यात कॅथलिक लोक पिढ्यान् पिढ्या राहतात. आपल्यातल्या कितीतरी जणी वांद्र्याच्या मोत माऊलीच्या जत्रेला जाऊन मेणबत्ती लावून आल्या असतील. पण त्यांची प्रार्थना नेमकी कशी असते, ती माणसाला कशी सावरते, हे आपण कधी विचारत नाही. आज ते समजून घेऊ.

आधी हिडिलिनची गोष्ट. फिलिपिन्स म्हणजे समुद्रातल्या हजारो बेटांचा देश. तिथले बहुतेक लोक कॅथलिक आहेत. दक्षिणेला झांबोआंगा नावाचं शहर आहे. तिथे ख्रिस्ती आणि मुसलमान शेजारी शेजारी राहतात, आणि एका जुन्या किल्ल्याच्या भिंतीशी पवित्र मरियेचं उघड्यावरचं देवस्थान आहे. या शहरात 1991 साली हिडिलिन जन्मली. सहा भावंडांतली पाचवी. वडील तीनचाकी रिक्षासारखी गाडी चालवायचे, पुढे शेती आणि मासेमारीही केली. घरात पाणी नव्हतं. लहानगी हिडिलिन लांबून पाणी भरून आणायची, एका वेळी 40 लिटरपर्यंत. मैत्रिणींनो, हे ओझं काय असतं ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. आपल्या मानेला आणि कमरेला ते माहीत आहे.

एका चुलतभावानं तिला वजन उचलायला शिकवलं. सराव करायला लोखंडी वजनं कुठली असणार? प्लॅस्टिकचा पाइप घ्यायचा, दोन्ही टोकांना सिमेंटचे गोळे ओतायचे, की झालं वजन. पुढे 2008 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ती बीजिंगच्या ऑलिम्पिकला गेली. वजन उचलण्याच्या खेळात ऑलिम्पिकला जाणारी फिलिपिन्सची ती पहिली बाई. तिथे ती बरीच मागे राहिली, पण त्या वयात तेवढं पोचणं हीच मोठी गोष्ट होती.

आता हा खेळ थोडा समजून घेऊ, म्हणजे पुढचं कळेल. यात दोन प्रकारे वजन उचलायचं असतं. पहिल्या प्रकारात जमिनीवरून एका झटक्यात थेट डोक्यावर. दुसऱ्या प्रकारात आधी खांद्यापर्यंत, मग तिथून डोक्यावर. प्रत्येक प्रकाराला तीन संधी मिळतात. दोन्हीतलं सगळ्यात जास्त वजन मोजून बेरीज करतात. पण एका प्रकारातल्या तिन्ही संधी हुकल्या, तर बेरीजच होत नाही. मग शेवटचा नंबरही मिळत नाही. निकालाच्या यादीत नावापुढे आकडाच येत नाही.

2012 साली लंडनच्या ऑलिम्पिकला हिडिलिनच्या हातात देशाचा झेंडा होता. उद्घाटनाला ती सगळ्या संघाच्या पुढे चालली. आणि तिच्या स्पर्धेच्या दिवशी दुसऱ्या प्रकारातल्या तिच्या तिन्ही संधी हुकल्या. ज्या पोरीनं झेंडा धरला होता, तिच्या नावापुढे काहीच नाही.

तुम्हाला आपली मीराबाई चानू आठवत असेल. तिचंही 2016 साली रिओच्या ऑलिम्पिकला असंच झालं होतं. दुसऱ्या प्रकारातल्या तिन्ही संधी गेल्या. आणि पाच वर्षांनी टोकियोला तिनं रौप्यपदक आणलं. म्हणजे या खेळात हा दिवस कुणावरही येतो.

लंडननंतर हिडिलिनच्या गुडघ्याला दुखापत झाली. खेळ सोडावा असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण ती राहिली आणि 2016 साली रिओला गेली. तिथे काय झालं ते नीट ऐका, कारण आपल्या ताईंच्या प्रश्नाचं एक टोक इथे आहे. त्या दिवशी पहिल्या प्रकारानंतर चीनची ली याजुन सगळ्यांच्या पुढे होती. दुसऱ्या प्रकारात तिच्या तिन्ही संधी हुकल्या. लंडनला हिडिलिनचं जे झालं, तेच रिओला तिचं झालं. ती यादीतून गेली आणि हिडिलिन एक पायरी वर सरकली. तिला रौप्यपदक मिळालं. फिलिपिन्सला ऑलिम्पिकचं पदक मिळून 20 वर्षं झाली होती. सगळा देश नाचला.

आता सांगा, देवानं हिडिलिनचं ऐकलं आणि त्या चिनी पोरीला शिक्षा केली, असं म्हणायचं का? आणि तसं म्हटलं, तर मग चार वर्षांपूर्वी लंडनला देवानं हिडिलिनलाच शिक्षा केली होती, असंही म्हणावं लागेल. आमच्या मनाला हे पटत नाही. तुमच्याही पटणार नाही.

पुढे टोकियोचं ऑलिम्पिक आलं आणि त्याबरोबर करोना आला. 2020 च्या सुरुवातीला हिडिलिन सरावासाठी मलेशियाला गेली होती. तिथेच टाळेबंदी लागली. ऑलिम्पिक एक वर्ष पुढे ढकललं. सरावाच्या जागा बंद झाल्या. घर, आईवडील, सगळे समुद्रापलीकडे. वजनं नव्हती, तेव्हा तिनं बांबूची काठी घेतली, दोन्ही टोकांना पाण्यानं भरलेल्या मोठ्या बाटल्या अडकवल्या आणि त्यावर सराव केला. लहानपणी पाणी वाहिलं होतं, आता जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या तयारीलाही पुन्हा पाणीच हाताशी आलं.

26 जुलै 2021. टोकियो. 55 किलो वजनाच्या गटाची स्पर्धा. चीनची लियाओ चिउयुन पुढे होती. तिची बेरीज झाली 223 किलो. हिडिलिनची एक संधी उरली होती. सोनं हवं तर तिला 127 किलो उचलावं लागणार होतं. स्वतःचं वजन 55 च्या आत, आणि उचलायचं 127. म्हणजे धान्याची पन्नास किलोची दोन पोती आणि वर आणखी अर्धं पोतं, खांद्यावर नाही, डोक्याच्या वर, हात सरळ करून. तिनं उचललं. बेरीज 224. एका किलोनं सोनं. वजन खाली टाकलं आणि ती ढसाढसा रडायला लागली. फिलिपिन्स 1924 साली पहिल्यांदा ऑलिम्पिकला गेला होता. 97 वर्षांनी त्या देशाला पहिलं सुवर्णपदक मिळालं, आणि ते पाणी वाहणाऱ्या एका पोरीनं आणलं.

करोनामुळे टोकियोला पदक गळ्यात घालायला कुणी पाहुणा नव्हता. खेळाडूनं तबकातलं पदक स्वतः उचलून गळ्यात घालायचं. हिडिलिननं ते घातलं. पण तिच्या गळ्यात आधीपासून आणखी एक छोटं पदक होतं. ते तिनं हातात धरून सगळ्यांना उंच दाखवलं. त्यावर पवित्र मरियेची प्रतिमा होती. कॅथलिक लोक त्याला मिरॅक्युलस मेडल म्हणतात. नंतर पत्रकारांनी विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं की हे एका मैत्रिणीनं दिलंय. स्पर्धेच्या आधी नऊ दिवस त्या मैत्रिणीनं तिच्यासाठी प्रार्थना केली होती आणि तिनं स्वतःही केली होती.

या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला नोव्हेना म्हणतात. लॅटिन भाषेत नऊला नोवेम म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. येशू स्वर्गात गेल्यावर त्याचे शिष्य आणि त्याची आई मरिया एकत्र बसून प्रार्थना करत वाट पाहत राहिले, असं बायबलात आहे. कॅथलिक परंपरा सांगते की ते वाट पाहणं नऊ दिवसांचं होतं. तिथून ही पद्धत आली. आपल्याकडे मुंबईत माहीमच्या चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेना होते. तिथे ख्रिस्तीच नाही, सगळ्या धर्मांची माणसं रांगेत उभी असतात.

आता तुम्ही म्हणाल, हा तर नवसच झाला. आम्हालाही आधी तसंच वाटलं. आणि खरं सांगायचं तर बऱ्याच लोकांसाठी तो नवसच असतो. मोत माऊलीला मेणाचं घर वाहतात, मेणाचा हात वाहतात, मेणाचं बाळ वाहतात. मागणारं माणूस सगळीकडे सारखंच. मागण्यात वाईट काही नाही. लेकरू आईकडे मागणारच. पण नोव्हेनाचा मूळ अर्थ सौद्याचा नाही. तू हे दे, मी ते देते, असं त्यात नाही. शिष्य नऊ दिवस बसले तेव्हा पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते सोबत बसले, एवढंच. नोव्हेना म्हणजे सोबत बसून वाट पाहणं. हिडिलिनच्या मैत्रिणीनं नऊ दिवस तेच केलं. तू तिकडे एकटी आहेस, पण मी इकडे तुझ्याबरोबर बसले आहे.

त्या छोट्या पदकाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. फ्रान्स देशात कॅथरीन लाबूरे नावाची शेतकऱ्याची मुलगी होती. नऊ वर्षांची असताना आई गेली. पुढे घर, चूल, कोंबड्या, सगळं तिच्या अंगावर पडलं. मोठेपणी ती पॅरिसला धर्मभगिनी झाली. 1830 साली तिला पवित्र मरियेचं दर्शन झालं आणि असं पदक करायला सांगितलं गेलं, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. दोन वर्षांनी पदकं तयार झाली आणि जगभर पसरली. पण दर्शन आपल्याला झालं हे कॅथरीननं वर्षानुवर्षं चारचौघांत सांगितलं नाही. ती चाळीसेक वर्षं एका आश्रमात म्हाताऱ्या माणसांची सेवा करत राहिली. म्हणजे हिडिलिननं उंच धरलेलं पदक हे जिंकण्याचं पदकच नाही. गाजावाजा न करता रोजचं काम करत राहिलेल्या एका बाईची ती आठवण आहे. सोन्याचं पदक एकीलाच मिळतं. हे दुसरं पदक हरलेलीच्या गळ्यातही तसंच राहतं.

आता सिमोन बाइल्स. जिम्नॅस्टिक्स, म्हणजे हवेत कोलांट्या घेणं, दांडीवर झोके घेणं, चार इंच रुंद फळीवर उड्या मारणं. या खेळातली ती जगातली सगळ्यात मोठी खेळाडू मानली जाते. जन्म 1997 चा. जन्मदात्या आईला व्यसन होतं, लेकरांना सांभाळणं तिला जमत नव्हतं. सिमोन आणि भावंडं काही काळ परक्या घरी राहिली. मग आजोबा रॉन आणि त्यांची बायको नेली यांनी सिमोनला आणि धाकट्या बहिणीला टेक्सासला आपल्या घरी आणलं आणि 2003 साली रीतसर दत्तक घेतलं. सिमोन त्यांनाच आईबाबा म्हणते. नेली पेशानं परिचारिका. घर कॅथलिक.

या आईनं सिमोनला एक पांढरी जपमाळ दिली. कॅथलिक लोक तिला रोझरी म्हणतात. आपण जशी माळ ओढतो, तसा एकेका मण्यावर मरियेचा जप करतात आणि त्याबरोबर येशूच्या आयुष्यातला एकेक प्रसंग आठवतात. हे प्रसंग फक्त आनंदाचे नसतात. जन्माचे असतात, क्रुसावरच्या मरणाचे असतात, पुन्हा उठण्याचे असतात. दुःखाचे मणी वगळून माळ पुरी होत नाही. सिमोन ही माळ स्पर्धेला सोबत न्यायची. स्पर्धेआधी ती संत सेबास्टियनला मेणबत्तीही लावायची. सेबास्टियन हा रोमचा सैनिक होता. धर्मासाठी त्याला बाणांनी विंधलं, तरी तो वाचला, आयरीन नावाच्या एका विधवा बाईनं त्याची शुश्रूषा केली, अशी कथा आहे. तो खेळाडूंचा संत. गोव्यात जानेवारीत त्याचा सण होतो.

रिओला सिमोननं चार सुवर्णपदकं घेतली. टोकियोला ती पोचली तेव्हा सगळ्या जगानं तिच्या गळ्यात सोनं आधीच घालून ठेवलं होतं. 27 जुलै 2021, म्हणजे हिडिलिन जिंकली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सिमोननं संघासाठी एक उडी मारली आणि तिच्या लक्षात आलं की हवेत गेल्यावर आपल्याला दिशाच कळत नाही. वर कुठे, खाली कुठे, समजत नाही. अशा वेळी माणूस डोक्यावर पडू शकतो, मान मोडू शकते. तिनं माघार घेतली. पुढच्या बहुतेक प्रकारांतूनही नाव काढून घेतलं. लोक नाही नाही ते बोलले. भित्री म्हणाले, संघाला सोडलं म्हणाले. त्याच दिवसांत तिची एक जवळची नातेवाईक अचानक वारली. तरी शेवटी ती एका प्रकारात, त्या चार इंची फळीवर उतरली आणि कांस्यपदक घेतलं.

मैत्रिणींनो, इथे एक गोष्ट अगदी ठळक करून सांगायची आहे. सिमोनच्या पिशवीत जपमाळ होती म्हणून तिनं दुखणं लपवलं नाही. देव बघून घेईल म्हणून डोळे मिटून उडी मारली नाही. ती थांबली. मनाच्या डॉक्टरांकडे गेली आणि हे तिनं सगळ्यांना उघड सांगितलं. हिडिलिनचंही तसंच. तिच्याबरोबर चिनी प्रशिक्षक होते, ताकदीचा सराव घेणारे होते, आहार सांगणारी बाई होती आणि मन सांभाळायला शिकवणारी मानसतज्ज्ञही होती. नोव्हेनाही होती. एक धरलं म्हणून दुसरं सोडलं नाही. आपल्याकडे पोरगी गप्प झाली, जेवेनाशी झाली, तर आपण आधी अंगारा लावतो. लावा, त्यानं मायेचा हात फिरतो. पण त्याबरोबर तिला डॉक्टरांकडेही न्या. देवाला त्याचा राग येत नाही.

तीन वर्षांनी, 2024 साली, पॅरिसला सिमोन परत आली. सत्तावीस वर्षांची. या खेळात हे वय जास्तच. तीन सुवर्णपदकं आणि एक रौप्य. पण तिथेही ती फळीवरून पडली आणि त्या प्रकारात पदक मिळालं नाही. जमिनीवरच्या प्रकारात ब्राझीलची रेबेका आंद्राजी पहिली आली, सिमोन दुसरी. पदकं देताना सिमोन आणि तिची सहकारी दोघींनी बाजूला वाकून मधल्या रेबेकाला मुजरा केला. तो फोटो सगळ्या जगानं पाहिला. जिच्यापुढे जग वाकतं, ती दुसरीपुढे हसत हसत वाकली. हरण्याची भीती गेल्याशिवाय असं वाकता येत नाही, असं आम्हाला वाटतं.

आणि हिडिलिन? तिला पॅरिसला खेळताच आलं नाही. तिचा 55 किलोचा गट पॅरिसला ठेवलाच नव्हता. तिला वजन वाढवून 59 च्या गटात जावं लागलं. एका देशाची एका गटात एकच खेळाडू जाऊ शकते. तिच्याच देशाची तिच्याहून लहान एलरीन आंदो तिच्या पुढे गेली आणि ती जागा आंदोला मिळाली. टोकियोची राणी पॅरिसच्या स्पर्धेत नव्हती. पण तिनं खेळ टाकला नाही. मुलांना वजन उचलायला शिकवण्याचं काम तिनं हातात घेतलंय. सिमेंटच्या गोळ्यांवर शिकलेली बाई आता पोरांना खरी वजनं देते.

आता आपल्या ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. उपास वाया गेला का?

कॅथलिक लोकांच्या घरात, चर्चमध्ये, गळ्यात एक खूण दिसते. क्रूस. ज्याला ते देव मानतात, तो तिथे खिळलेला आहे. पकडले जाण्याच्या आदल्या रात्री येशूनं एका बागेत गुडघे टेकून प्रार्थना केली, असं बायबल सांगतं. त्यानं मागितलं की जमलं तर हा दुःखाचा पेला माझ्यापासून दूर कर. आणि लगेच म्हटलं, पण माझ्या मनासारखं नको, तुझ्या मनासारखं होऊ दे. तो पेला काही दूर झाला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला क्रुसावर दिलं. म्हणजे ज्यांचा स्वतःचा देव प्रार्थना करूनही त्या दिवशी सुटला नाही, त्या लोकांना हरणं म्हणजे देवानं पाठ फिरवणं, असं वाटायचं कारण नाही. क्रुसानंतर तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला, ही त्यांची श्रद्धा. पण मधला दिवस चुकत नाही.

संत पौलानं आपल्या एका पत्रात खेळाडूंचा दाखला दिला आहे. धावणारा माणूस सुकून जाणाऱ्या हारासाठी एवढी मेहनत करतो, आपली धाव न सुकणाऱ्या हारासाठी असावी, अशा अर्थाचं तो लिहितो. त्या काळी जिंकणाऱ्याला पानांचा मुकुट घालायचे. चार दिवसांत पानं वाळायची. आज पदक सोन्याचं असतं, पण टाळ्या अजूनही चार दिवसांतच वाळतात. मग उरतं काय? सकाळी उठून पुन्हा सरावाला जाण्याची ताकद उरते. दुसरीला वाकून मुजरा करण्याइतकं मोकळं मन उरतं. आणि कुणीतरी आपल्यासाठी नऊ दिवस बसलं होतं, ही जाणीव उरते.

म्हणून आम्हाला वाटतं, ताई, तुमचे पाच मंगळवार वाया गेले नाहीत. तुम्ही ते देवाला लाच म्हणून दिले असं समजू नका. तुम्ही पाच मंगळवार तुमच्या लेकीच्या सोबत बसलात. फक्त ते तिला तसं सांगायचं राहून गेलं. हरल्यावर तिला ऐकू आलं ते एवढंच, की तुझ्यामुळे माझा उपास फुकट गेला.

हे आम्ही ताईंना पुढच्या बैठकीत सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी अजून एक मंगळवार धरीन. पण या वेळी काही मागणार नाही. आणि तिला सांगेन, की हा तुझ्यासाठी आहे." परवा त्यांचा निरोप आला. पोर अजून खेळायला उतरलेली नाही. पण संध्याकाळी मैदानाच्या कडेला जाऊन बसली होती, दुसऱ्या पोरींचा सराव बघत.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचं काम झालं की दोन गोष्टींवर बोला. एक, आपल्या घरात कुणी हरून आलं, तर आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो? आणि दोन, आपण देवाजवळ बसतो तेव्हा फक्त मागायला बसतो, की कुणाच्या तरी सोबत बसायला? तुमचा धर्म कोणताही असो, देव कोणताही असो, हे दोन्ही प्रश्न सगळ्यांचेच आहेत. जे निघेल ते आम्हाला कळवा. पत्र लिहा, नाहीतर बाजाराच्या दिवशी रेडिओवर येऊन सांगून जा.

आणि गावात एखादी पोर खेळत असेल, तर तिच्या सामन्याला जा. ती जिंकेल म्हणून नाही, ती खेळते म्हणून जा. येतो आम्ही. पुन्हा भेटू. नमस्कार.